इतिहास आणि नागरिकशास्त्राचे शिक्षक कुठल्या देशात कसे तयार होतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छात्राध्यापकांचे, म्हणजे शिक्षक व्हायचं शिकणाऱ्यांचे, सराव पाठ मागच्या बाकावर बसून बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. बाकीच्या देशांत हे कसं चालतं ह्याबद्दल लोक मला सारखं विचारतात, कोणी बीएड करणारं, कोणी शाळेत शिकवणारं, कधीकधी पालकसुद्धा, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र लिहून काढलेत.

शिक्षक तो शिक्षक, मग गणिताचा असो की इतिहासाचा. ह्या दोनच विषयांचं ट्रेनिंग वेगळं काढून का बघायचं?

गणितात मुलाचं उत्तर चुकलं तर चुकलं, त्यावरून घरी कोणी भांडत नाही. इतिहासाच्या तासाला मूल येतं तेच मुळी घरून काहीतरी ऐकून, आजोबांनी सांगितलेलं, मोबाईलवर आलेलं, मिरवणुकीत ऐकलेलं, आणि पुस्तकातलं त्याच्याशी जुळलं नाही की ते हात वर करतं. नागरिकशास्त्रात तर मूल कालची बातमीच घेऊन येतं. अशा वेळी शिक्षकाने काय करायचं हे त्याला कोणी शिकवलंय का, हा माझ्या दृष्टीने ह्या सगळ्या तुलनेतला खरा प्रश्न आहे.

माझंच सांगते. माझा पहिला सराव पाठ फ्रेंच राज्यक्रांतीवर होता. टाचण व्यवस्थित, तक्ते तयार, सगळं ठीक चाललेलं आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, त्यांनी राजाला मारलं ते बरोबर केलं का?" मी गडबडले आणि "ते आपण पुढच्या तासाला बघू" म्हणून पुढे गेले. पाठ संपल्यावर निरीक्षकांचा शेरा आला: फळ्यावर दिनांक नाही, तक्ता थोडा उंच टांगावा, आवाज चांगला. त्या मुलीच्या प्रश्नाबद्दल एक अक्षर नाही! नंतर मी जेव्हा जेव्हा दुसऱ्या देशातल्या ट्रेनिंगबद्दल वाचलं तेव्हा आधी हेच शोधलं की तिथे त्या प्रश्नाचं काय झालं असतं.

जगभरात साधारण किती पद्धती आहेत?

मोटामोटी तीन. एक म्हणजे आधी विषयाची डिग्री घ्या आणि मग वर्ष दोन वर्षं शिकवायचं कसं ते शिका. दुसरी म्हणजे पहिल्या दिवसापासून विषय आणि अध्यापन दोन्ही एकत्र, चार किंवा पाच वर्षांचा एकच कोर्स. आणि तिसरी म्हणजे थेट शाळेत जा, कामावर असतानाच शिका. बऱ्याच देशांत दोन किंवा तिन्ही एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे "अमुक देशाची पद्धत" असं एका वाक्यात सांगायला गेलं की हमखास काहीतरी सुटतं. जर्मनी, अमेरिका, कॅनडा ह्यांसारख्या देशांत तर शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, जर्मनीची १६ राज्यं म्हणजे थोड्याफार फरकाने १६ पद्धती.

जर्मनीत शिक्षक व्हायला एवढी वर्षं का लागतात?

कारण तिथे दोन टप्पे आहेत आणि दुसरा टप्पा खरोखर वेळ घेऊन करतात. पहिला टप्पा युनिव्हर्सिटीत, तिथे माध्यमिकच्या शिक्षकाला साधारणपणे दोन विषय घ्यावे लागतात, म्हणजे इतिहासाबरोबर इंग्रजी, इतिहासाबरोबर राज्यशास्त्र, काहीही. त्याच्या बरोबरीने त्या त्या विषयाचं अध्यापनशास्त्र असतं. जर्मनीत इतिहासाचं अध्यापनशास्त्र ही स्वतंत्र विद्याशाखा आहे, त्याचे स्वतंत्र प्रोफेसर असतात, आणि यॉर्न र्‍यूझेन किंवा कार्ल-एर्न्स्ट याइसमान ह्यांच्यासारख्या लोकांनी "इतिहासाची जाणीव माणसात कशी घडते" ह्यावर आयुष्यभर काम केलंय.

दुसरा टप्पा म्हणजे रेफरेंडारिआट. राज्याप्रमाणे १२ ते २४ महिने, बऱ्याच ठिकाणी १८. ह्या काळात पगार मिळतो (पूर्ण शिक्षकाएवढा नाही, पण मिळतो), काही वर्ग स्वतःच्या जबाबदारीवर शिकवायचे आणि त्याच वेळी ट्रेनिंगच्या सेमिनारलाही जायचं. ह्यात निरीक्षणाचे पाठ असतात. पाठाआधी लेखी नियोजन द्यायचं, त्यात मी हाच उतारा का निवडला, हाच प्रश्न का विचारणार, मुलं कुठे अडतील असं वाटतं, हे सगळं कारणांसकट. पाठ झाला की लगेच बसून चर्चा आणि त्या चर्चेत आधी बोलायचं छात्राध्यापकानेच, माझं काय जमलं, काय नाही. तिथले छात्राध्यापक ह्या दिवसांच्या टेन्शनबद्दल भरपूर तक्रारी करतात आणि त्या खऱ्या आहेत, कारण मार्गदर्शन करणारा आणि मार्क देणारा माणूस अनेकदा एकच असतो, मग मनमोकळं बोलणार कसं? तरीसुद्धा "ह्या मुलीने हे विचारलं, तू उत्तर का नाही दिलंस" हे तिथे कोणीतरी विचारलंच असतं.

बॉइटेल्सबाखचं नाव सारखं ऐकू येतं, ते काय आहे?

हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९७० च्या दशकात पश्चिम जर्मनीत राजकीय शिक्षणावरून जोरदार भांडण चालू होतं, डावीकडचे म्हणत मुलांना समाज बदलायला शिकवा, उजवीकडचे म्हणत आहे त्या व्यवस्थेची जाण द्या, आणि राज्याराज्यांचे अभ्यासक्रम सरकार कोणाचं त्याप्रमाणे दोन दिशांना चाललेले. १९७६ मध्ये बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याच्या राजकीय शिक्षण केंद्राने बॉइटेल्सबाख ह्या गावात दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकत्र बसवलं. ठराव झाला नाही, सह्या झाल्या नाहीत. हान्स-गेओर्ग वेलिंग ह्यांनी चर्चेत ज्यावर सगळ्यांचं जुळत होतं ते नंतर लिहून काढलं, आणि तेच पुढे सर्वमान्य झालं.

तीन गोष्टी आहेत त्यात. शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादून त्यांना दबवून टाकायचं नाही. समाजात किंवा अभ्यासकांमध्ये ज्यावर वाद आहे ते वर्गातही वाद आहे म्हणूनच मांडायचं. आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती, स्वतःचं हित ओळखून राजकारणात भाग घेता यायला हवा, एवढी क्षमता त्याच्यात यायला हवी.

वाचायला सोपं आहे, करायला अवघड. दुसऱ्या मुद्द्यातच बघा, कुठल्या गोष्टीवर खरंच वाद आहे आणि कुठल्या गोष्टीवर फक्त आरडाओरडा आहे हे ठरवणार कोण? नाझींनी केलेला ज्यूंचा संहार झालाच नाही असं कोणी म्हटलं तर ती "दुसरी बाजू" होत नाही, ते सरळ खोटं आहे आणि जर्मनीत गुन्हा आहे. म्हणजे शिक्षकाला आधी विषय पक्का यायला हवा, मगच कुठे तटस्थ राहायचं आणि कुठे ठामपणे "हे चूक आहे" म्हणायचं ते कळतं. म्हणूनच मला नुसतं "बॅलन्स ठेवा" असं सांगणारं ट्रेनिंग अपुरं वाटतं.

फिनलंडचं एवढं कौतुक का होतं? खरंच तसं आहे का?

बरंचसं खरं आहे. १९७० च्या दशकात तिथलं शिक्षक प्रशिक्षण युनिव्हर्सिट्यांमध्ये गेलं आणि त्या दशकाच्या शेवटापासून शाळेतल्या शिक्षकाला मास्टर्स लागतं. विषय शिक्षकाचा कोर्स युरोपीय हिशोबाने ३०० क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासाला लागणाऱ्या वेळेचं माप), त्यात ६० क्रेडिट शिक्षणशास्त्राचे आणि त्यातच शाळेतला सराव. सराव कुठल्याही शाळेत ढकलून नाही, युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत, तिथल्या शिक्षकांचं कामच मुळी मुलांना शिकवणं आणि नवीन शिक्षकांना घडवणं असं दोन्ही आहे. मला ह्याचा खरंच हेवा वाटतो, कारण बाकी बहुतेक ठिकाणी छात्राध्यापक शाळेत गेला की तो पाहुणा असतो, आणि कधीकधी नको असलेला पाहुणा.

पण एक बारीक गोष्ट लोक सांगत नाहीत. तिथे इतिहास आणि समाजशिक्षण हे दोन विषय सहसा एकच शिक्षक शिकवतो आणि तो बहुतेक वेळा मूळचा इतिहासवाला असतो. समाजशिक्षणात मात्र अर्थव्यवस्था, कायदा, राजकारण सगळं येतं. म्हणजे जी कुरकुर इतरत्र ऐकू येते की नागरिकशास्त्र इतिहासाच्या पाठीवर बसून येतं, ती फिनलंडलाही चुकलेली नाही.

फ्रान्समध्ये स्पर्धा परीक्षा असते म्हणे?

हो, आणि तीच सगळ्याच्या केंद्रस्थानी आहे. माध्यमिकच्या शिक्षकांसाठी कापेस नावाची परीक्षा आहे, तिच्याहून अवघड आणि मानाची आग्रेगासियों, जी १७६६ पासून चालत आलीये. जेवढ्या जागा तेवढेच पास, आणि पास झालात की सरकारी नोकर. इतिहास आणि भूगोल हा तिथे एकच विषय मानतात, परीक्षा दोन्हीची. लेखी परीक्षेत लांबलचक निबंध, कागदपत्रांचं विश्लेषण, नंतर ज्युरीसमोर तोंडी. ट्रेनिंग देणाऱ्या संस्थांची नावं मात्र सरकारं बदलत राहतात, २०१३ मध्ये एक नाव, २०१९ मध्ये दुसरं, आणि परीक्षा नेमकी कुठल्या वर्षी द्यायची हेही हलत राहतं. आता २०२६ पासून पदवीच्या तिसऱ्या वर्षीच देता येईल अशी सोय केलीये.

फायदा असा की फ्रेंच शिक्षकाची विषयावरची पकड जबरदस्त असते. लुई सोळाव्याच्या खटल्यात कोण काय बोललं हे त्याला पाठ असणार. त्या मुलीच्या प्रश्नाला तो तिला कन्व्हेन्शनमधली, म्हणजे ज्या सभेने राजावर खटला चालवला तिथली, भाषणं वाचायला देऊ शकेल. पण १३ वर्षांच्या ३० मुलांसमोर ती भाषणं कशी उलगडायची, ह्याला त्या परीक्षेत फार उशिरा आणि फार थोडी जागा मिळाली. आणि परीक्षेतून ताजे निघालेले बरेच शिक्षक पॅरिसच्या आजूबाजूच्या, जिथे अनुभवी लोक बदली करून निघून जातात, अशाच भागांत पहिली नेमणूक घेतात.

२०१५ पासून तिथे नैतिक आणि नागरी शिक्षण नावाचा विषय आलाय, माध्यमिकला तो मुख्यतः इतिहास-भूगोलवालेच शिकवतात. ऑक्टोबर २०२० मध्ये सॅम्युएल पाटी ह्या इतिहास-भूगोलाच्या शिक्षकाची हत्या झाली, अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या तासात त्यांनी मुहम्मद पैगंबरांची व्यंगचित्रं दाखवली होती. त्यानंतर धर्मनिरपेक्षतेवर सगळ्या शिक्षकांना ट्रेनिंग देण्याचा मोठा कार्यक्रम सरकारने हाती घेतला. ते हवंच होतं. एक माणूस वर्गात जे शिकवत होता त्यासाठी त्याचा जीव गेला, आणि त्याच्या पाठीशी संस्था कशी उभी राहणार हे शिक्षकाला आधीपासून माहीत असणं हासुद्धा ट्रेनिंगचाच भाग आहे असं मला तेव्हापासून प्रकर्षाने वाटतं.

इंग्लंडमध्ये फक्त एक वर्षाचं ट्रेनिंग असतं, मग ते कच्चं नाही का?

पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचा शिक्षक व्हायचा कोर्स, साधारण एक शैक्षणिक वर्षाचा, बरोबर. पण त्यातला बहुतांश वेळ शाळेत जातो, किमान १२० दिवस, आणि तोही एकापेक्षा जास्त शाळांमध्ये. २०२१ पासून नोकरी लागल्यावरची पहिली दोन वर्षंही मार्गदर्शनाखाली असतात, ह्या काळात नव्या शिक्षकाला तास कमी देतात आणि एक मेंटॉर जोडून देतात. हे नीट पाळलं गेलं तर हिशोबाने तीन वर्षं झाली.

इंग्लंडकडून शिकण्यासारखी गोष्ट इतिहासाच्या बाबतीत आहे. १९७२ मध्ये तिथे शाळांसाठी इतिहासाचा एक प्रकल्प सुरू झाला, त्याने सांगितलं की मुलांना फक्त गोष्ट सांगू नका, पुरावा हातात द्या. पुढे ह्याच विचारातून छात्राध्यापक पाठ बांधायला लागला तो एका प्रश्नाभोवती. आठवडाभर, कधी तीन आठवडे एकच प्रश्न, आणि प्रत्येक तास त्या प्रश्नाच्या उत्तराकडे थोडा सरकणारा. तो प्रश्न कसा लिहायचा ह्यावर तिथे तासन्‌तास घालवतात. "फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे" हा प्रश्न नाही, ते शीर्षक झालं. "१७८९ मध्ये राजाला न मारता सगळं बदलू पाहणारे लोक १७९३ पर्यंत कुठे गेले?" हा प्रश्न झाला, ह्यात बदल आहे, काळ आहे, माणसं आहेत, आणि मुलाला उत्तर शोधावं लागतं. मी हे माझ्या छात्राध्यापकांकडून करून घेते, पहिल्या वेळी सगळ्यांचे प्रश्न परीक्षेतल्या प्रश्नांसारखे येतात, चौथ्या पाचव्या वेळी जमायला लागतं.

नागरिकशास्त्राचं चित्र तेवढं चांगलं नाही. बर्नार्ड क्रिक ह्यांच्या समितीचा अहवाल १९९८ मध्ये आला आणि २००२ पासून माध्यमिकला सिटिझनशिप सक्तीचा झाला. त्यासाठी वेगळं ट्रेनिंगही आहे, पण ते घेणारे थोडे, आणि पुष्कळ शाळांत हा तास ज्याच्या वेळापत्रकात जागा रिकामी असेल त्याच्या गळ्यात पडतो.

अमेरिकेत काय असतं?

५० राज्यं, ५० नियम. लायसन्स राज्य देतं आणि बहुतेक ठिकाणी ते सोशल स्टडीज ह्या एकाच नावाखाली असतं, इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र सगळं त्यात, म्हणजे एकाच माणसाला कुठलाही तास देता येतो. सराव साधारण एका सत्राचा, काही ठिकाणी वर्षभराचा, आणि शिक्षकांची टंचाई असली की शॉर्टकटचे मार्गही आहेत. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग ह्यांनी केलेलं काम मात्र जरूर बघा: इतिहासकार एखादा कागद हातात आला की आधी बघतो कोणी लिहिलाय, कधी, कशासाठी, शाळेतलं मूल सरळ पहिल्या ओळीपासून वाचायला लागतं. ह्या एका निरीक्षणावर तिथे ट्रेनिंगचं अख्खं साहित्य उभं राहिलंय. दुसरीकडे २०२१ पासून अनेक राज्यांनी वंश वगैरे विषयांवर वर्गात काय बोलायचं नाही ह्याचे कायदे केले, त्यामुळे नवीन शिक्षक आधी कायदा वाचतो आणि मग टाचण काढतो.

जपानचा "लेसन स्टडी" म्हणजे नक्की काय?

आधी जपानचं उलटं टोक सांगते, डिग्रीच्या काळातला सराव तिथे फारच थोडा असतो, उच्च माध्यमिकसाठी साधारण दोन आठवडे आणि कनिष्ठ माध्यमिकसाठी तीन. खरं शिकणं होतं ते नोकरीत. प्रत्येक प्रीफेक्चरची (म्हणजे प्रांताची) निवड परीक्षा पास व्हायची आणि मग पहिल्या वर्षी सक्तीचं ट्रेनिंग, हे १९८९ पासून आहे.

आणि मग लेसन स्टडी. एक शिक्षक पाठ लिहितो, सहकारी त्यावर आधी चर्चा करतात, फळ्यावर तासाच्या शेवटी काय काय दिसेल ह्याचा नकाशासुद्धा आधी कागदावर काढतात. मग तो पाठ सगळ्यांसमोर घेतला जातो. बघायला आलेले शिक्षक मागे रांगेत बसत नाहीत, वर्गाच्या कडेने वही घेऊन उभे राहतात आणि बऱ्याचदा एकेक जण दोनतीन मुलांवरच लक्ष ठेवतो: ह्या मुलाने इथे लिहिलं आणि खोडलं, ही मुलगी शेजारणीचं ऐकून गप्प झाली. नंतरच्या चर्चेत बोलणं होतं ते मुलांच्या विचारांवर. माझ्या त्या पहिल्या पाठात कोणी असं उभं असतं तर त्या मुलीने प्रश्न विचारल्यावर बाकीच्यांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं का, तिने नंतर वहीत काही लिहिलं का, हे आज माझ्याकडे असतं.

आणखी दोन गोष्टी. जपानमध्ये कुठल्याही विषयाचं लायसन्स घ्या, अगदी गणिताचं, देशाच्या संविधानाचे दोन क्रेडिट करावेच लागतात. आणि कनिष्ठ माध्यमिकच्या लायसन्ससाठी सात दिवस दिव्यांगांच्या शाळेत आणि वृद्धाश्रमासारख्या संस्थांमध्ये सेवेचा अनुभव घ्यावा लागतो. उच्च माध्यमिकला इतिहास-भूगोल आणि नागरिकशास्त्र ह्यांची लायसन्सं वेगवेगळी आहेत, १९८९ च्या अभ्यासक्रमात हे विषय वेगळे केले तेव्हापासून.

मग नागरिकशास्त्राला स्वतःचा शिक्षक कुठे मिळतो?

थोड्याच ठिकाणी. जपानचं सांगितलंच. नेदरलँड्समध्ये समाजशास्त्रासारखा जो विषय शाळेत असतो त्याची स्वतंत्र पात्रता आहे. जर्मनीत राज्यशास्त्र हा विषय म्हणून घेऊन शिक्षक होता येतं, जरी राज्याराज्यात विषयाचं नाव वेगळं असलं तरी. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये मतदानाचं वय १६ केलं आणि त्यापाठोपाठ राजकीय शिक्षण इतिहासाच्या विषयात अधिक ठळकपणे आणलं, म्हणजे तिथेही भार इतिहासवाल्यावरच.

हे मला मनापासून खटकतं. ग्रामसभा किंवा नगरपालिका बजेट कसं ठरवते, माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, कोर्टाचा निकाल कसा वाचायचा, हे इतिहासाच्या डिग्रीत कुठेच येत नाही. माणूस राजवंशांवर पाच पेपर लिहून येतो आणि त्याला सांगतात आता मूलभूत हक्क शिकव. तो बिचारा व्याख्या पाठ करून घेतो, दुसरं काय करणार!

जिथे युद्ध किंवा यादवी झालीये तिथे शिक्षक कसे तयार करतात?

सगळ्यात अवघड जागा ह्याच. उत्तर आयर्लंडमध्ये प्रोटेस्टंट आणि कॅथलिक समाजांत कित्येक वर्षं हिंसाचार चालला, आणि तिथे बेलफास्टला दोन शिक्षक महाविद्यालयं आहेत, स्ट्रॅनमिलिस परंपरेने प्रोटेस्टंट वळणाचं आणि सेंट मेरीज कॅथलिक. म्हणजे असंही होऊ शकतं की एखादी व्यक्ती एकाच समाजाच्या शाळेत शिकली, त्याच समाजाच्या कॉलेजात ट्रेनिंग घेतलं आणि त्याच समाजाच्या शाळेत शिकवायला लागली. शाळेत शिक्षक नेमताना धर्म बघता यायचा, ती कायद्यातली सवलत अगदी अलीकडे, २०२२ च्या कायद्याने, काढली. नागरिकत्वाचा विषय तिथे २००७ पासून अभ्यासक्रमात आहे, आणि तो शिकवायचा म्हणजे समोरच्या मुलाच्या घरातल्या जखमेला हात लावायचा. ती तयारी दुसऱ्या समाजातला एकही सहकारी बरोबर नसताना कशी होणार?

बोस्नियात "एका छताखाली दोन शाळा" हा प्रकार आजही आहे, इमारत एक, वांशिक गटाप्रमाणे मुलं वेगळी, अभ्यासक्रम वेगळा, आणि इतिहास तर हमखास वेगळा. तिथल्या मोस्तार शहरात युनिव्हर्सिट्यासुद्धा दोन आहेत. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर शाळेत देशाचा इतिहास शिकवणंच कित्येक वर्षं थांबवलं होतं, कारण जुनी पुस्तकंच द्वेष पसरवण्याच्या कामी आली होती. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात शिक्षकांची कॉलेजंही वंशानुसार वेगळी होती. ती नंतर युनिव्हर्सिट्यांमध्ये सामावून घेतली, पण ज्या शिक्षकाने स्वतः त्या जुन्या कॉलेजात एक इतिहास शिकला त्याला दुसरा शिकवायला लावणं हे दोन दिवसांच्या शिबिरात होत नाही. आधी त्याला स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलू द्यावं लागतं.

मूळ रहिवाशांच्या इतिहासाबद्दल कुठे सक्ती आहे का?

आहे. कॅनडाच्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यात निवासी शाळांचा (जिथे मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवायचे) इतिहास शिकवा आणि त्यासाठी शिक्षक तयार करा हे स्पष्ट आहे. ब्रिटिश कोलंबियात तर शिक्षकाच्या कोर्समध्ये ह्यावरचा अभ्यास सगळ्यांना करावाच लागतो. ऑस्ट्रेलियाच्या शिक्षक मानकांमध्येही आदिवासी आणि टॉरेस स्ट्रेट बेटवासी समाजांबद्दल दोन वेगळी मानकं आहेत.

भारत ह्यात कुठे बसतो?

२०१४ च्या नियमांनी बीएड दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला काळ एकूण २० आठवडे ठरला, कागदावर हे इंग्लंडच्या फार मागे नाही. २०२३ पासून चार वर्षांचा एकात्मिक कोर्सही सुरू झालाय. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सिव्हिक्सऐवजी राज्यशास्त्र म्हणा असं सुचवलं होतं, कारण सिव्हिक्स हा इंग्रजी राजवटीत आज्ञाधारक प्रजा घडवायला आणलेला विषय असं त्यांचं म्हणणं होतं. विचार पटण्यासारखा आहे. पण २० आठवड्यांत बघणारं कोण, आणि बघून बोलणार कशावर, तिथे गाडी अडते. लेसन पूर्ण झाल्याची सही मिळाली की संपलं असं होऊ नये एवढंच.

जास्त वर्षं म्हणजे चांगला शिक्षक, असं म्हणता येईल का?

सरळसरळ नाही. ली शुलमन ह्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये एक मुद्दा मांडला तो मला अजून उपयोगी पडतो: विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि "हाच विषय शिकवताना मुलं नेमकी कुठे अडतात" हे माहीत असणं तिसरंच. मुलांना वाटतं की जुन्या काळचे लोक मूर्ख होते म्हणून तसे वागले. मुलांना वाटतं की लोकशाही म्हणजे फक्त बहुमत. हे गैरसमज आधीच माहीत असलेला शिक्षक एका वर्षाच्या कोर्समधूनही तयार होतो, आणि पाच वर्षं नुसती लेक्चरं ऐकून होत नाही.

शिक्षकाने वर्गात स्वतःचं मत सांगावं का? इतर देशांत काय शिकवतात?

इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्यात पक्षीय प्रचाराला बंदी आहे आणि वादाचे विषय समतोलाने मांडा असं म्हटलंय. फ्रान्समध्ये सरकारी नोकर म्हणून तटस्थता बंधनकारक. जपानच्या कायद्यात राजकीय समज महत्त्वाची म्हटलीये पण शाळेत पक्षकार्य नको. जर्मनीत मत सांगायला बंदी नाही, लादायला आहे, आणि हा फरक मला सगळ्यात पटतो. मुलांनी विचारलं तर मी माझं मत सांगते, पण तासाच्या शेवटी, आणि माझ्याशी न पटणारी शहाणी माणसं काय म्हणतात तेही सांगून.

एका देशाचं क्वालिफिकेशन दुसऱ्या देशात चालतं का?

गणित-विज्ञानवाल्यांपेक्षा ह्या विषयांना अवघड जातं. प्रत्येक देशाला स्वतःचा इतिहास आणि स्वतःचं संविधान येणारा माणूस हवा असतो, भाषा तर हवीच, त्यामुळे वरून कोर्स किंवा परीक्षा करावी लागते. अर्ज करण्याआधी त्या राज्याच्या किंवा देशाच्या लायसन्स देणाऱ्या संस्थेचे नियम वाचा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

मी आत्ता ट्रेनिंग घेतोय आणि कॉलेज काही बदलणार नाही. मी स्वतः काय करू?

दोघं तिघं मिळून करा. पाठाच्या आदल्या दिवशी मैत्रिणीला टाचण वाचून दाखवा आणि तिला वर्गातल्या सगळ्यात चिवट मुलासारखे प्रश्न विचारायला लावा. पाठाच्या वेळी तिला मागे बसवू नका, खिडकीच्या कडेला उभी करा आणि फक्त दोन मुलांवर लक्ष ठेवायला सांगा. नागरिकशास्त्राच्या पाठाआधी एकदा तरी नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सभेला जाऊन बसा, विषयपत्रिका मागून घ्या, तोच कागद वर्गात वाटा.

आणि मुलांचे प्रश्न लिहून ठेवायला एक वेगळी वही करा. मी आता पाठ बघायला जाते तेव्हा माझ्याही हातात तीच वही असते, डाव्या पानावर मुलांनी विचारलेलं जसंच्या तसं, उजवं पान कोरं. चर्चेला बसलो की वही छात्राध्यापकासमोर ठेवते आणि उजवं पान त्याने माझ्यासमोर भरायचं असतं. मागच्या महिन्यात एकीने फ्रेंच राज्यक्रांतीच घेतली होती. तिच्या वर्गातल्या मुलाने विचारलं, "राजाला वकील होता का?" ती दोन सेकंद थांबली, फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहिला आणि म्हणाली, "होता. तुला काय वाटतं, त्याने काय बोलायला हवं होतं?"